विश्लेषण : मुंबईसमोरच्या समुद्राखाली भारताचा तुटलेला तुकडा? ‘लघुखंड’ म्हणजे काय आणि ते कसे ओळखतात?

मॉरिशस हे बेट भूवैज्ञानिकांच्या लेखी अगदी तान्हे. ज्वालामुखीच्या लाव्हापासून घडलेल्या या बेटावर साधारण ९० लाख वर्षांहून जुना खडक सापडत नाही. मात्र २०१७ मध्ये तिथल्याच एका खडकातून निघालेल्या सूक्ष्म कणांचे वय २५० ते ३०० कोटी वर्षे असल्याचे संशोधकांनी जाहीर केले. गेल्या वर्षी बांधलेल्या इमारतीच्या स्लॅबमध्ये सातवाहनकालीन नाणे निघावे, तसा हा प्रकार. हे कण आले कुठून, याचे उत्तर बेटाच्या खाली दडले आहे आणि त्याचा धागा थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतो. मुंबईपासून काहीशे किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाशी ‘लक्ष्मी रिज’ नावाचा एक उंचवटा आहे. तो भारतीय भूमीचाच तुकडा आहे का, यावर ४० वर्षांहून अधिक काळ वाद सुरू आहे.

लघुखंड म्हणजे नेमके काय?

पृथ्वीचे बाहेरचे कवच दोन प्रकारचे असते. महासागरांखालचे कवच पातळ, म्हणजे सरासरी सहा-सात किलोमीटर जाडीचे, बेसाल्टसारख्या काळ्या जड खडकाचे आणि तुलनेने तरुण असते. महासागरांच्या तळाचा बहुतेक भाग २० कोटी वर्षांच्या आतलाच आहे. खंडांचे कवच मात्र सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचे प्रमाण त्यात जास्त असते आणि त्याचे काही भाग ३०० कोटी वर्षांहून जुने असतात.

खंड फुटतो तेव्हा तो नेहमी नीट दोन भागांत विभागला जात नाही. भाकरी मोडली की दोन मोठ्या तुकड्यांबरोबर एखादा कुटका वेगळा पडतो, तसेच इथे होते. दोन मोठ्या भूमी दूर सरकतात, मधे नवा समुद्र तयार होतो आणि खंडाचा एखादा छोटा तुकडा त्या समुद्रात एकटाच मागे राहतो. चहूबाजूंनी सागरी कवचाने वेढलेल्या अशा तुकड्याला लघुखंड म्हणतात.

त्याचा पाण्याच्या वर दिसण्याशी संबंध नाही. मादागास्कर हा असाच तुटलेला तुकडा, पण तो पाण्याबाहेर आहे आणि चांगला पावणेसहा लाख चौरस किलोमीटरचा आहे. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधला यान मायेन लघुखंड जवळपास पूर्ण पाण्याखाली आहे. उलट हवाई बेटे पाण्यावर हजारो मीटर उंच असूनही खंडाचा भाग नाहीत, कारण ती समुद्रतळावर साचलेल्या लाव्हाची आहेत. किती लहान म्हणजे ‘लघु’, याची सर्वमान्य व्याख्या नाही. न्यूझीलंडभोवतीचा ‘झीलंडिया’ सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याचा ९४ टक्के भाग पाण्याखाली आहे. तो इतका मोठा आहे की त्याला लघुखंड न म्हणता सरळ खंडच म्हणावे, अशी मांडणी संशोधकांनी २०१७ मध्ये केली.

मॉरिशसच्या वाळूत काय सापडले?

या शोधाची सुरुवात २०१३ मध्ये झाली. ट्रोंड टॉर्सविक आणि सहकाऱ्यांनी मॉरिशसच्या किनाऱ्यांवरची वाळू तपासली. तीत झिरकॉन या खनिजाचे कण सापडले आणि त्यांची वये ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षे निघाली.

झिरकॉनला भूवैज्ञानिक इतके महत्त्व का देतात? हे खनिज कमालीचे टणक आणि चिवट असते. डोंगर झिजून वाळू होते, तरी झिरकॉन टिकतो. तप्त लाव्हात सापडला तरी बहुधा पूर्ण वितळत नाही. तो घडताना स्फटिकात थोडे युरेनियम शिरते, पण शिसे जवळपास शिरत नाही. पुढे युरेनियमचे हळूहळू शिशात रूपांतर होत राहते आणि त्याचा वेग ठाऊक असतो. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. त्यामुळे कणात आज किती युरेनियम उरले आणि किती शिसे जमले हे मोजले की जन्मतारीख मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे झिरकॉन मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या, खंडांवरच्या खडकांत विपुल आढळतो. मॉरिशससारख्या बेसाल्टच्या बेटावर तो मुळातच दुर्मीळ, त्यात इतका जुना म्हणजे नवलच.

खडक दळताना यंत्रात आधीच्या नमुन्याचा एखादा कण राहिला तर सगळा हिशोब चुकतो. तो धोका टाळण्यासाठी या गटाने मुद्दाम वाळू घेतली होती. नेमका त्यावरच आक्षेप आला. वाळू कुठूनही येऊ शकते : वाऱ्याबरोबर, जहाजातून, बांधकामाच्या साहित्यातून किंवा माणसांच्या पायाला चिकटून.

चार वर्षांनी याला उत्तर मिळाले. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे लुईस अश्वाल, जर्मनीतील पॉट्सडॅमचे मायकेल वीडेनबेक आणि टॉर्सविक यांनी वाळू सोडून थेट खडक घेतला. मॉरिशसवरच्या सुमारे ५७ लाख वर्षे जुन्या ट्रॅकाइट या ज्वालामुखीजन्य खडकात त्यांना झिरकॉनचे मोजकेच कण मिळाले. त्यातले काही खडकाच्याच वयाचे होते, तर काही २५० ते ३०० कोटी वर्षांपूर्वीचे. घट्ट खडकाच्या पोटात वाऱ्याने कण जाऊन बसणे शक्य नाही. म्हणजे लाव्हा वर येताना वाटेत जुन्या खंडाच्या खडकातून आला आणि येताना हे कण खरवडून घेऊन आला, असा निष्कर्ष निघाला. मॉरिशसखाली आणि आसपास विखुरलेल्या या तुकड्यांना ‘मॉरिशिया’ हे नाव देण्यात आले.

वरून काळा कातळ दिसतो म्हणून खालीही तोच असेल असे नाही, याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. तिथे पहिले सुमारे सव्वा किलोमीटर दख्खनचा बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटचा जुना पाया. आपला सह्याद्री म्हणजे जुन्या खंडावर ओतलेला लाव्हाचा थरच. मॉरिशसमध्ये हाच प्रकार भर समुद्रात, फार लहान प्रमाणात झालेला दिसतो.

सेशेल्सचे भारताशी नाते काय?

मॉरिशसखालचा तुकडा दिसत नाही, पण त्याच्या उत्तरेला जवळपास पावणेदोन हजार किलोमीटरवर असलेल्या सेशेल्सचा तुकडा डोळ्यांना दिसतो. पर्यटनाच्या जाहिरातींतले ते पांढऱ्या वाळूवरचे गुळगुळीत, करडे-गुलाबी प्रचंड दगड अनेकांनी पाहिले असतील. तो ग्रॅनाइट आहे आणि त्याचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे आहे. माहे, प्रालँ, ला दिग ही बेटे त्याचीच. माहे बेटावरचे मोर्न सेशेल्वा हे शिखर ९०५ मीटर उंच आहे. भर महासागरात, कोणत्याही खंडापासून शेकडो किलोमीटर दूर एवढा ग्रॅनाइट उभा असणे जगात जवळपास एकमेव.

याच काळातले खडक राजस्थानात जोधपूरच्या परिसरात आहेत. मेहरानगड किल्ला ज्या खडकावर उभा आहे, त्या मालाणी गटाचे वय आणि सेशेल्सच्या ग्रॅनाइटचे वय जवळपास जुळते. खडकांत गोठलेल्या चुंबकीय दिशांच्या अभ्यासातूनही त्या काळी हे दोन्ही भूभाग शेजारी होते असे मानले जाते. आज मुंबई ते माहे हे अंतर सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास आहे.

आणखी एक साक्षीदार आहे आणि तो जिवंत आहे. केरळच्या पश्चिम घाटात २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी एका विचित्र बेडकाची नोंद केली. जांभळट, फुगलेला, टोकदार नाकाचा हा बेडूक वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’. त्याचे सर्वात जवळचे नातेवाईक कोण, हे डीएनएवरून पाहिले तेव्हा ते भारतात, आफ्रिकेत किंवा मादागास्करमध्ये निघाले नाहीत. ते निघाले सेशेल्सच्या ग्रॅनाइटच्या बेटांवर. तिथल्या या कुळातला एक बेडूक तर जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा आहे. बेडकाची त्वचा खारे पाणी सोसत नाही, त्यामुळे सव्वातीन हजार किलोमीटर पोहून जाण्याचा प्रश्नच येत नाही. जमीन तुटली आणि बेडूक आपापल्या तुकड्यावर राहिले, हे स्पष्टीकरण सर्वात सरळ ठरते. जनुकीय अंदाजांनुसार या दोन शाखांची फारकत भूमी तुटण्याच्याही आधीची आहे. म्हणजे एकाच भूमीवर दोन्ही शाखा वेगळ्या झाल्या होत्या आणि नंतर ती भूमी दुभंगली.

तुकडा तुटतो तरी कसा?

सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर एका बाजूला आणि भारत-सेशेल्स दुसऱ्या बाजूला, अशी फूट पडली. मधे मॅस्करीन खोरे नावाचा नवा समुद्र रुंदावू लागला. मॉरिशियाचे तुकडे याच उलथापालथीत सुटले असावेत. तेव्हा सेशेल्स भारताच्या पश्चिम कडेला चिकटूनच होते.

मग ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे ज्वालामुखी उसळले. भूपट्टाखालून, प्रावरणातून उष्ण पदार्थाचा एक स्तंभ वर येत होता. त्याला आज रियुनियन तप्तबिंदू म्हणतात, कारण तो सध्या रियुनियन बेटाखाली आहे. या उष्णतेने भारताची पश्चिम कड मऊ पडली. समुद्राची रुंदावणारी भेग आधी सेशेल्सच्या पश्चिमेला होती. तिने आपली जागा सोडली आणि उडी मारून ती सेशेल्स व भारत यांच्यामध्ये आली, कारण तिथे कवच आता अधिक दुबळे झाले होते. सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी हा नवा तडा रुंदावू लागला आणि सेशेल्स दोन्ही बाजूंनी कापले गेले. जुनी भेग थांबते, नवी भेग खंडाच्या कडेतून जाते आणि मधली पट्टी सुटते. लघुखंड तयार होण्याची ही कृती सिडनीचे डिटमार म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सविस्तर मांडली. सर्वच लघुखंड असे होत नाहीत, पण हिंदी महासागरातल्या तुकड्यांना ती चपखल लागू पडते.

या घटनेच्या खुणा मुंबईच्या आसपास उघड्यावर आहेत. पनवेलच्या पट्ट्यात दख्खनचे एरवी आडवे असणारे थर समुद्राकडे झुकलेले दिसतात. मुंबईत मढ, मनोरी, डोंगरी या भागांत दख्खनच्या नेहमीच्या बेसाल्टऐवजी रायोलाइट आणि ट्रॅकाइट हे वेगळे खडक आहेत. डोंगरीचे खडक तर मुख्य उद्रेकानंतरचे, सुमारे ६.२ कोटी वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. म्हणजे सेशेल्स सुटत असतानाचे. गंमत म्हणजे सेशेल्सच्या सिल्हूट आणि नॉर्थ आयलंड या दोन बेटांवर त्याच सुमाराचे आग्नेय खडक आहेत.

पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि तप्तबिंदू मागे राहिला. त्याच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस, रियुनियन अशा ओळीने उमटल्या. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ज्या काळ्या दगडावर ती माणसे जाऊन वसली, तो आणि त्यांनी मागे सोडलेल्या सह्याद्रीचा दगड एकाच तप्तबिंदूतून आलेला आहे.

‘लक्ष्मी रिज’चा वाद काय आहे?

सेशेल्स तुटले ते थेट आजच्या किनाऱ्यापासून नव्हे. मधे आणखी एक पट्टी होती आणि ती भारताच्या बाजूला राहिली, असे अनेक अभ्यासक मानतात. हीच लक्ष्मी रिज. समुद्रतळावरचा हा उंचवटा सुमारे ७०० किलोमीटर लांब आणि १०० किलोमीटर रुंद आहे. त्याचा बराच भाग सिंधू नदीने आणून टाकलेल्या गाळाखाली गाडला गेला आहे. रिज आणि भारताचा किनारा यांच्यामध्ये ‘लक्ष्मी खोरे’ आहे.

या उंचवट्याचे वागणे उलटे आहे. समुद्रतळावर डोंगर असला की तिथे गुरुत्वाकर्षण किंचित वाढलेले नोंदवले जाते, कारण पाण्यापेक्षा खडक जड. लक्ष्मी रिजवर मात्र ते कमी भरते. उंचवटा आहे, तरी खाली वजन कमी. याचा एक अर्थ असा की त्याखाली हलक्या खडकाचे जाड कवच आहे, म्हणजेच खंडाचे. बी. आर. नैनी आणि माणिक तलवानी यांनी १९८२ मध्ये कंपनलहरींच्या आधारे लक्ष्मी रिज हा खंडाचाच तुकडा असल्याचे मांडले. बहुसंख्य अभ्यासक आजही साधारण तसेच मानतात. दुसरा अर्थ असा की रिजच्या मुळाशी नंतर घुसलेल्या मॅग्माचा वेगळा थर आहे आणि गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी त्यानेही जुळवता येतात.

खरी खडाजंगी आहे ती शेजारच्या लक्ष्मी खोऱ्यावरून. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या जी. सी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या खोऱ्यातील चुंबकीय पट्टे तपासले. नवा समुद्रतळ तयार होत असताना पृथ्वीच्या बदलत्या चुंबकीय दिशा खडकात पट्ट्यापट्ट्यांनी नोंदल्या जातात. तसे पट्टे इथे आहेत, म्हणून हे खरे सागरी कवच आहे, असे त्यांचे म्हणणे. या खोऱ्याच्या मध्यभागी रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी भारतीय शास्त्रज्ञांची नावे दिलेले उंचवटेही आहेत. दुसरा गट म्हणतो की ते पट्टे म्हणजे ताणून पातळ झालेल्या खंडाच्या कवचात घुसलेला लाव्हा आहे, खरा समुद्रतळ नव्हे.

दोहोंत फरक मोठा आहे. खोरे सागरी असेल, तर लक्ष्मी रिज भारतापासून पूर्ण सुटलेला, स्वतंत्र लघुखंड ठरतो. खोरे ताणलेल्या खंडाचे असेल, तर रिज अजून भारताला चिकटलेलाच आहे आणि भारताची खरी कड नकाशात दिसते त्यापेक्षा शेकडो किलोमीटर पश्चिमेला सरकते.

हे तपासण्याची एक संधी २०१५ मध्ये आली. आंतरराष्ट्रीय महासागर उत्खनन कार्यक्रमाची ३५५ वी मोहीम ‘जॉइडिस रेझोल्युशन’ या जहाजावरून कोलंबोहून निघाली आणि मुंबईत संपली. तिचे नेतृत्व पीटर क्लिफ्ट आणि धनंजय पांडे यांच्याकडे होते. मान्सूनचा आणि हिमालयाच्या झिजेचा इतिहास शोधणे हा मुख्य हेतू होता, पण खोऱ्याच्या तळाचा खडक मिळवणे हेही उद्दिष्ट होते. लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी छिद्रे घेण्यात आली. एका ठिकाणी सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी भारताच्या कडेवरून घसरलेल्या अवाढव्य समुद्री दरडीचा थर लागला. त्या दरडीला आता ‘नटराज’ हे नाव आहे. दुसऱ्या ठिकाणी साडेतीन किलोमीटर पाणी आणि जवळपास १,१०० मीटर गाळ पार केल्यावर तळाचा खडक लागला.

तो बेसाल्ट निघाला. हाती आला तो जेमतेम काही मीटर.

वाद मिटेल असे वाटले होते, पण बेसाल्ट दोन्ही मांडण्यांत बसतो. समुद्रतळ बेसाल्टचाच असतो आणि ताणलेल्या खंडावर सांडलेला लाव्हाही बेसाल्टच. कोयनेत सव्वा किलोमीटर खाली गेल्यावर ग्रॅनाइट लागला होता. इथे काही मीटरवर थांबावे लागले. शिवाय ही दोन्ही छिद्रे खोऱ्यात होती, रिजवर नव्हे.

याने फरक काय पडतो?

दगड कुठल्या जातीचा, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम ७६ नुसार किनारी देशाला २०० सागरी मैलांपलीकडच्या समुद्रतळावरही हक्क सांगता येतो. अट एकच : तो तळ आपल्या भूमीचाच पाण्याखालचा नैसर्गिक विस्तार आहे, हे सिद्ध करावे लागते. खोल समुद्रातली सागरी कटके या विस्तारात धरली जात नाहीत. खंडाच्या कडेचा नैसर्गिक घटक असलेले उंचवटे मात्र धरता येतात आणि त्यांच्यासाठी मर्यादाही अधिक सैल आहे. म्हणजे समुद्राखालचा एखादा डोंगर खंडाचा की महासागराचा, यावर देशाची समुद्रतळाची हद्द ठरू शकते. हा हक्क मासेमारीचा नसतो. तो तळावरच्या आणि तळाखालच्या खनिज, तेल, वायू अशा संपत्तीचा असतो. भारतानेही २००९ मध्ये आपला दावा संबंधित आयोगाकडे दाखल केला आहे.

सेशेल्स आणि मॉरिशस यांनी तर हे करून दाखवले. दोन्ही देशांनी २००८ मध्ये मॅस्करीन पठारासाठी एकत्रित दावा केला. आयोगाने २०११ मध्ये तो उचलून धरला. पुढच्याच वर्षी करार होऊन सुमारे ३ लाख ९६ हजार चौरस किलोमीटर समुद्रतळाचे व्यवस्थापन दोघांनी मिळून करायचे ठरले. हे क्षेत्र महाराष्ट्राहून मोठे आहे. या पठाराचा उत्तर भाग ग्रॅनाइटचा, तर दक्षिणेकडचा वरचा थर बहुतांश ज्वालामुखीचा. त्यामुळे केवळ ‘खंडाचा तुकडा’ एवढ्या एका मुद्द्यावर हा निर्णय झाला असे म्हणता येणार नाही. कायद्यातली मोजमापे भूविज्ञानापेक्षा वेगळी असतात.

दुसरा मुद्दा तेलाचा. तेल आणि वायू साधारणपणे खंडांच्या कडेवर साचलेल्या जाड गाळाच्या खडकांत सापडतात, निव्वळ सागरी बेसाल्टमध्ये नाही. मुंबई हाय हे त्याचे घरचे उदाहरण. अमोको या कंपनीने १९८०-८१ मध्ये सेशेल्सच्या परिसरात तीन विहिरी घेतल्या होत्या. तेलाच्या खुणा दिसल्या, पण काढण्याजोगा साठा मिळाला नाही. कोकण आणि केरळसमोरच्या खोल समुद्रात अडचण वेगळीच आहे. दख्खनच्या लाव्हाचा थर कंपनलहरी विखरून टाकतो, त्यामुळे त्याखाली गाळाचे जुने खडक आहेत की नाहीत हे स्पष्ट दिसत नाही. लक्ष्मी खोऱ्याचा तळ नक्की कशाचा आहे, हे कळल्याशिवाय तिथे खाली काय दडले असेल याचा अंदाज बांधणे कठीण आहे.

मग हा ‘बुडालेला खंड’ आहे का?

मॉरिशियाची बातमी आली तेव्हा ‘हरवलेला खंड सापडला’ असे मथळे जगभर झळकले. त्याबरोबर लेमुरियाचे जुने व्हिडीओही नव्याने फिरू लागले. लेमुरियाची कल्पना फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये मांडली. लेमूर गटातले प्राणी मादागास्करमध्ये आणि त्यांचे नातेवाईक भारतात कसे, हे सांगण्यासाठी मधे एक बुडालेली भूमी त्याने कल्पिली. भूमीच सरकते हे तेव्हा ठाऊक नव्हते. भूपट्टांचा सिद्धांत आल्यावर त्या कल्पनेची गरज उरली नाही. पुढे तिच्यावर प्राचीन संस्कृत्यांच्या कथा रचल्या गेल्या, तो वेगळा विषय.

मॉरिशिया तुटला तो सहा ते आठ कोटी वर्षांपूर्वी. माणूस पृथ्वीवर येऊन जेमतेम तीन लाख वर्षे झाली. त्यावर कोणी नगरे वसवली असण्याची शक्यता शून्य. शिवाय हे तुकडे एका रात्रीत बुडालेले नाहीत. ताणल्यामुळे ते पातळ झाले, थंड होत गेले आणि लाखो वर्षांत हळूहळू खचले.

भारताचे आणखी तुकडे कुठे आहेत?

पूर्व किनाऱ्यानेही आपले कुटके मागे सोडले आहेत. अंटार्क्टिकाच्या बाजूला, दक्षिण हिंदी महासागरात कर्गेलेन हे प्रचंड ज्वालामुखी पठार आहे. त्याच्या पश्चिमेला असलेल्या एलन बँक येथे १९९८-९९ च्या उत्खनन मोहिमेत लाव्हाच्या थरांमध्ये नाइस या खंडीय खडकाचे गोटे सापडले. त्यांची जडणघडण भारताच्या पूर्व भागातील खडकांशी मिळतीजुळती निघाली. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या पश्चिमेला सुमारे १,६०० किलोमीटरवर बटाव्हिया आणि गुल्डन ड्राक हे दोन बुडालेले उंचवटे आहेत. २०११ मध्ये तिथून ग्रॅनाइट, नाइस आणि शिंपल्यांचे जीवाश्म असलेला वालुकाश्म वर काढण्यात आला. भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र होते त्या काळाचे हे उरलेले भाग.

नवे तुकडे अजूनही नोंदवले जात आहेत. कॅनडा आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या डेव्हिस सामुद्रधुनीखाली असा एक अर्धवट सुटलेला तुकडा असल्याचे २०२४ मध्ये मांडण्यात आले.

लक्ष्मी रिजचे उत्तर कधी मिळणार?

उपाय कागदावर सोपा आहे : थेट रिजवर छिद्र घ्यायचे आणि लाव्हाचा थर पार करून खालचा खडक वर आणायचा. त्यात ग्रॅनाइट किंवा जुना झिरकॉन मिळाला, तर वाद मोठ्या प्रमाणात संपेल. अडचण जहाजाची आहे. खोल समुद्रात असे उत्खनन करू शकणारी जहाजे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लक्ष्मी खोऱ्यात काम केलेले ‘जॉइडिस रेझोल्युशन’ २०२४ मध्ये सेवेतून बाहेर पडले. जपानकडे ‘चिक्यू’ आहे आणि चीनने २०२४ मध्येच ‘मंगश्यांग’ हे नवे जहाज सेवेत आणले. भारताच्या ‘समुद्रयान’ प्रकल्पातील ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी माणसांना सहा किलोमीटर खोल नेण्यासाठी आहे, तळात किलोमीटरभर विंधन घेण्यासाठी नाही.

तोवर २०१५ मध्ये वर काढलेला तो काही मीटर बेसाल्टच अभ्यासकांच्या हाती आहे. हिंदी महासागरातल्या उत्खननाचे नमुने जपानमधील कोची येथील भांडारात ठेवले जातात, केरळमधल्या कोचीत नव्हे. लक्ष्मी खोऱ्याच्या तळाचा तो काळा दगडही तिथेच आहे.